एन्सियोची पाणसळ

एन्सियो रिन्ताला कुणाच्याही घरी जेवायला गेला की आधी एक डोळा बारीक करून टेबलाकडे बघायचा. जेवताना बोलायचा काही नाही. निघताना मात्र, कोट चढवता चढवता, यजमानाला बाजूला घेऊन सांगायचा की खिडकीकडचा पाय दोन मिलिमीटर कमी आहे, उद्या येऊन करून देतो. आणि दुसऱ्या दिवशी खरंच यायचा. हातात पाणसळ, खिशात पेन्सिल. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत तो कॉफीला हात लावत नसे. आमच्या गावात त्याने अशी सरळ केलेली निदान तीस टेबलं असतील. माझंही त्यात आहे.

तो मूळचा आमच्याकडचा नव्हे. आम्ही सावो या सरोवरांच्या मुलखाची माणसं. इकडे जमिनीपेक्षा पाणी जास्त, आणि जी जमीन आहे ती कुठेच सरळ नाही, तसंच आमचं बोलणंही. माझ्या आईला कुणी विचारलं की भाकरी झाली का, तर ती म्हणायची, भट्टी तर गरम दिसतेय. एन्सियो पश्चिमेकडचा, पोह्यान्माचा. तिथे नजर जाईल तिथवर सपाट शेतं, आणि माणसांचं हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. एकाहत्तर साली आमच्या गावात नवी शाळा बांधायला सुतारांची टोळी आली, त्यात तो सव्वीस वर्षांचा होता. दारं बसवायचं काम त्याच्याकडे होतं.

इर्या त्या शाळेत विणकाम शिकवायला नुकतीच लागली होती. तिने निरोप पाठवला की विणकामाच्या खोलीचं दार अडतंय. एन्सियो आला, दार उघडून मिटून पाहिलं, म्हणाला अडत नाही, आणि गेला. चार दिवसांनी पुन्हा निरोप. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला इर्याने कॉफी आणि गोड पाव तयारच ठेवले होते, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे पंचेचाळीस वर्षं ही गोष्ट इर्या दर पाहुण्याला सांगायची आणि एन्सियो दर वेळी तितक्याच गंभीरपणे म्हणायचा, "पण दार खरंच अडत नव्हतं."

मी पेन्त्ती. प्लायवूडच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली आणि आमच्या बोट क्लबात एकोणीस वर्षं तपासनीस आहे. म्हणजे दर जूनमध्ये क्लबातल्या प्रत्येक बोटीवर चढायचं, आग विझवायची नळकांडी, लाइफ जॅकेटं, गॅसची नळी बघायची, आणि सगळं ठीक असेल तर काचेवर त्या वर्षाचा कागद चिकटवायचा. पगार नाही. मान आहे असं मी समजतो, बायको वेगळं समजायची.

तीन वर्षांपूर्वी इर्या बर्फावर घसरून पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. काठी घेऊन ती चालू लागली, पण एकदा बसली की उठणं मुश्किल. घरात ती टेबलावर दोन्ही हात रेटून उठायची. त्या उन्हाळ्यात ती दोघं त्यांच्या बोटीने तुओमिसारी बेटावर गेली. तिथे इर्याच्या वडिलांनी बांधलेली लाकडी खोली आहे, धक्का आहे, काठावर वाफेचं न्हाणीघर आहे. तिचे सगळे उन्हाळे तिथे गेलेले. पाण्यावाचून तिथे जायला वाट नाही.

परत आल्यावर क्लबच्या धक्क्यावर बोट लागली आणि इर्याला उठता येईना. बोटीतली बैठक गुडघ्याच्याही खाली. एन्सियोने पुढून ओढून पाहिलं, त्याचा खांदा दुखरा. मग मी आणि ओलावी खाली उतरलो. ओलावी म्हणजे आमचा क्रेनवाला, अस्वलाच्या अंगाचा. आम्ही दोघांनी तिला काखेत धरून वर उचललं. तिचा स्कर्ट दोराच्या आकड्यात अडकला आणि कमरेपर्यंत वर गेला. धक्क्यावर पंधराएक माणसं होती. सगळ्यांना एकदम आभाळात काहीतरी बघायचं सुचलं.

इर्याने स्कर्ट खाली केला. आम्हा दोघांचे आभार मानले. मग नवऱ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "माझी मी उठू शकेन तेव्हाच मी पुन्हा बोटीत बसेन. पोत्यासारखी मी कुणाच्या हातून निघणार नाही."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली नाही. एन्सियो एका शनिवारी एकटाच बेटावर गेला आणि दुपारीच परत आला. खोली ठीक आहे, छप्पर ठीक आहे, म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, की तिथे हाक मारायला कुणी नाही. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

त्याच शरद ऋतूत त्याने बोट दुरुस्तीला काढली.

बोटीचं नाव कुइक्का, आमच्या सरोवरावर ओरडत फिरणाऱ्या पक्ष्याचं. सात मीटरची, फायबरची, पुढे छोटी केबिन, मागे छताखाली सुकाणू. चौऱ्याहत्तर साली बांधलेली. इर्याच्या भावाची होती, तो गेल्यावर तिच्याकडे आली. बाहेरून पिवळट, आतून तपकिरी, आणि वास ओल्या कुत्र्याचा. एन्सियोने आतलं सगळं उपटून काढलं. प्लायवूड काळं पडून हाताने तुटत होतं. गाद्या पिळल्या तर पाणी निघत होतं. पुढच्या कप्प्यात उंदरांनी सरोवराच्या नकाशाचं घरटं केलं होतं, आणि तुओमिसारी नेमकं कुरतडलेलं होतं. हे त्याने मला दाखवलं, पण हसला नाही.

मग एके दिवशी त्याने बोटीच्या कुशीला करवत लावली. पाण्याच्या रेषेपासून दोन वीत वर, मागच्या बाजूला, दार कापायला. क्लबात बातमी गेली तशी माणसं हातातलं टाकून बघायला आली. बोटीला भोक पडू नये म्हणून आम्ही आयुष्यभर धडपडतो, आणि हा स्वतःच्या हाताने पाडत होता.

"बोटीला दार?" ओलावी म्हणाला. "उद्या पुढे अंगण करशील."

"इर्या कठड्यावरून चढणार नाही," एन्सियो म्हणाला. "तेव्हा कठड्यानेच बाजूला व्हायला हवं."

दार त्याने ओकचं केलं, कडेला रबर, दोन कड्या. कापलेल्या जागेला आतून ओकचीच चौकट देऊन ती मूळच्यापेक्षा मजबूत केली. मी वाकून वाकून बघितलं, खोट काढायला जागा नव्हती. हाताने धरायच्या दांड्या कुठे लावायच्या हे ठरवायला त्याने इर्याला स्वयंपाकघरात उभी करून भिंतीकडे हात करायला लावले, जिथे हात टेकला तिथे पेन्सिलीने खूण. भिंतीच्या कागदावर सोळा खुणा झाल्या. सुकाणूशेजारी इर्यासाठी बाक, तोंड पुढे. उंची बावन्न सेंटिमीटर, स्वयंपाकघरातल्या खुर्चीइतकी. बाकावर घालायला इर्याने चिंध्यांचा जाड पट्टा मागावर विणून दिला, निळा आणि करडा. पण पूर्ण होईपर्यंत बोट बघायची नाही असं त्याने तिला बजावलं होतं. तो बांधलेली घरंही मालकाला तशीच दाखवायचा, पूर्ण झाल्यावर, किल्लीसकट.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि सांगताना मला माझीच लाज वाटते.

हिवाळ्यासाठी बोट जमिनीवर घेतली की तिच्या खालच्या लाकडी घोडीवर आम्ही तिचं नाक वर ठेवतो. म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी मागे वाहतं आणि तळाच्या भोकातून निघून जातं. कुइक्काचं नाक पाण्यात असतं त्यापेक्षा चांगलं चाळीस सेंटिमीटर वर होतं. अशा बोटीत पाणसळ लावून जे काही सपाट कराल, ते बोट पाण्यात उतरली की पुढे कलणार. क्लबातल्या प्रत्येकाला हे ठाऊक. इतकं ठाऊक, की त्याबद्दल कुणी बोलतच नाही. आणि एन्सियोने आजवर बांधलेली प्रत्येक वस्तू पायावर उभी होती. बोटीला त्याने वीस वर्षांत रंग दिला होता आणि इंजिनाचं तेल बदललं होतं, बस.

ऑक्टोबरपासून आम्ही त्याला बघत होतो. ताडपत्रीखाली दिवा लावून तो बसलेला, पुढ्यात पिवळी पाणसळ. टेबलाला पाणसळ, चुलीच्या ओट्याला पाणसळ, झोपायच्या फळीला पाणसळ, फडताळाला पाणसळ. आम्ही जाता येता मान हलवायचो आणि पुढे जायचो. आमच्याकडे दुसऱ्याच्या बोटीबद्दल न विचारता बोलत नाहीत. आणि ज्याने तुमचं टेबल सरळ केलंय त्याला कुणी सांगावं की तुझी पाणसळ चुकतेय? शिवाय प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने सांगितलं असेल. आणि आता इतकं सांगतोच आहे तर हेही सांगतो, की मनातून थोडी मजाही वाटत होती.

मार्चमध्ये त्याने मला शिडीवरून वर बोलावलं. केबिनमध्ये नवं लाकूड पिवळंधमक दिसत होतं. ओल्या कुत्र्याचा वास जाऊन पाइनचा वास आला होता. टेबलावर त्याने कप ठेवले आणि काठोकाठ कॉफी ओतली. थेंब हलला नाही. मग पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मध्ये. तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा अजून काही चिकटवलेलं नव्हतं, सगळं नुसतं स्क्रूवर होतं. एक वाक्य बोललो असतो तर काम चार दिवसांत निभावलं असतं.

मी म्हणालो, "जमिनीवर तरी फारच छान बसलंय."

एन्सियोचे कान लाल झाले. त्याने मला आणखी एक कप दिला.

खाली उतरलो तर ओलावी उभा होता. सांगितलंस का, त्याने विचारलं. सांगितलं, मी म्हणालो. मग एन्सियो काय म्हणाला? खूश झाला, मी म्हणालो. ओलावीने जरा विचार केला.

"मग तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

पण परत शिडी चढून जायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि त्याच्यातही नव्हतं. पुढच्या आठवड्यात एन्सियोने रेझिन कालवलं आणि सगळं कायमचं चिकटवून टाकलं. वर वॉर्निशचे पाच हात.

मे महिन्यात बर्फ गेला. अकरा तारखेला क्रेन आली. एन्सियोने स्वच्छ शर्ट घातला होता आणि पहिल्या कॉफीसाठी टोपलीत थर्मास, तीन कप आणि वेलचीचे पाव आणले होते. कुइक्का पट्ट्यांत लटकून पाण्यावर आली, टेकली आणि तरंगली. तिच्या अंगावरच्या जुन्या रेषेत तंतोतंत बसली. नव्या दारातून पाण्याचा टिपूस आत नाही. एन्सियो आत गेला, मागोमाग मी. त्याने केबिनच्या टेबलावर कप मांडले. तीनही कप हळूहळू पुढे निघाले. दोन कडेच्या पट्टीला अडले, एक खाली पडला. मागच्या फडताळाचं दार आपोआप उघडून पुढे आलं.

एन्सियोने पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटला. त्याने खिडकीतून बाहेर पाण्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग माझ्याकडे. त्याला समजायला एक क्षण पुरला. धक्क्यावर ओलावी दोर धरून आभाळ बघत उभा होता.

एन्सियोने कप उचलून टोपलीत ठेवले, धक्क्यावर चढला आणि सायकलवर बसून घरी गेला. पाव तिथेच राहिले. कुणी खाल्ले नाहीत.

नऊ दिवस तो फिरकला नाही. क्लबात कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं. मी घरी टेबलाशी जेवायला बसलो की घास उतरत नव्हता, कारण टेबल सरळ होतं. दहाव्या दिवशी सायकल काढली आणि त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात लाकडाला रंधा मारत बसला होता. त्या लाकडाचं काय करायचंय ते त्यालाही माहीत नसावं, कारण ते फक्त बारीक होत चाललं होतं.

"जमिनीवर तरी," तो म्हणाला. रंधा थांबवला नाही. "मार्चमध्ये तू असं म्हणाला होतास. मला वाटलं कौतुक करतोयस."

"हो."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि सात महिने तुम्ही माझ्या शेजारून जात होतात."

यावर मला नेहमीप्रमाणे काहीतरी गमतीचं सुचत होतं. ते मी गिळलं. "जात होतो," मी म्हणालो. "चूक आमची आहे, माझी सगळ्यांत जास्त. मी भित्रा आहे, एन्सियो. सरळ बोलायची वेळ आली की मी विनोद करतो."

त्याने रंधा खाली ठेवला. मग म्हणाला की सगळं रेझिनने चिकटवलंय, करवतीनेच काढावं लागेल, आणि नवं करायचं तर ऑगस्ट उजाडेल. म्हणजे हाही उन्हाळा गेला. पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट आमच्या वयात कोण सांगतो.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून टेबल रेटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने काठी टेकत इर्या पायरीवर आली.

"काय झालंय ते मला कुणी सरळ सांगणार आहे का?" ती म्हणाली. "नऊ दिवस हा माणूस मांजराशीसुद्धा बोललेला नाही."

मी सांगितलं. नाक वर, पाणसळ, सात महिने, कप. आडवळण न घेता एका दमात एवढं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असेन. इर्याने ऐकून घेतलं.

"बुडणार आहे का ती?"

"नाही."

"पाणी आत येतंय?"

"थेंबही नाही."

"मग मला बघायचीय."

एन्सियो म्हणाला नाही, अशी नाही, झाल्यावर. इर्या पायरी उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हाताऱ्या, पंचेचाळीस वर्षं तुझं प्रत्येक काम मी पूर्ण झाल्यावरच बघितलं. एक तरी बिघडलेलं बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती दोघं धक्क्यावर आली. मी आधीच जाऊन दोर आवळून ठेवले होते, बोट हलू नये म्हणून. ओलावीही होता, काही काम नसताना. एन्सियोने ओकचं दार उघडलं. इर्याने एक हात दांडीवर ठेवला, काठी आत टेकली आणि धक्क्यावरून बोटीत अशी चालत गेली जशी घराच्या पडवीतून आत जावी. तिथे ती जरा थांबली. दाराच्या चौकटीवरून तिने हात फिरवला. एन्सियो तिच्याकडे बघत नव्हता, तो आपल्या बुटांकडे बघत होता.

मग ती बाकावर बसली.

"हं," ती म्हणाली. "पुढे लोटतोय हा."

"माहीत आहे," एन्सियो म्हणाला.

मी धक्क्यावर उभा होतो. आता ती उठायचा प्रयत्न करणार, मग थांबणार, आणि मग मला आणि ओलावीला पुन्हा खाली उतरावं लागणार. हे दुसऱ्यांदा घडलं तर ती या धक्क्यावर पाऊल ठेवणार नाही, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. ओलावीने आभाळाकडे तोंड वळवायला सुरुवातही केली होती.

इर्याने पाय जरा मागे घेतले, पुढे वाकली, आणि उठली.

तिलाच कळलं नाही. तिचा हात दांडीकडे निघाला होता, तो अर्ध्यातच राहिला. दांडीला लागला नव्हता. ती तशीच उभी राहिली, सरळ, दोन पायांवर. मग बसली. पुन्हा उठली. या वेळी काठी तिने बाकावर आडवी ठेवली होती. तिसऱ्यांदा बसली आणि उठली तेव्हा तिच्या गालांवर रंग चढला होता.

"मला बरं वाटावं म्हणून करू नकोस," एन्सियो म्हणाला.

"तुला बरं वाटावं म्हणून मी जन्मात कधी उठलेय का?"

ओलावीच्या तोंडून काहीतरी निघालं, हसणं की हुंदका ते मला कळलं नाही. माझा तर जीव भांड्यात पडला. मी धक्क्याच्या कडेला जो बसलो तो मला उठवायला नंतर ओलावीला यावं लागलं. इतके दिवस जे छातीवर होतं ते उतरलं. नशिबाने केलं, मी काहीच केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी उतरलं.

एन्सियोला मात्र नशिबावर भरवसा ठेवता येत नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि मोजू लागला. बाकाची पुढची कड मागच्यापेक्षा तीन सेंटिमीटर खाली होती. त्याने ते पेन्सिलीने तळहातावर लिहिलं, आणि दोघं घरी गेली. घरी जाऊन त्याने तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या मागच्या दोन पायांखाली ठेवल्या. ज्या खुर्चीवरून इर्या दोन वर्षं टेबल रेटून उठत होती, तिच्यावरून ती हात मांडीवर ठेवून उठली. उंची तीच, फक्त कल. संध्याकाळपर्यंत घरातल्या चारही खुर्च्या पुढे कलल्या होत्या. ज्या माणसाने सगळ्या गावाची टेबलं सरळ केली त्याच्या घरात आता एकही खुर्ची सरळ नाही. त्यांच्याकडे गेलेला पाहुणा हल्ली आपोआप लवकर निघतो, असं इर्या सांगते, आणि तिची काही तक्रार दिसत नाही.

राहिलं केबिनचं. मी क्लबाच्या फलकावर कागद लावला: सात महिने गप्प बसलेल्यांनी शनिवारी आठ वाजता आपापली करवत घेऊन यावं. अकरा जण आले. कुणी काही बोललं नाही, पण सगळे वेळेवर आले, आणि आमच्याकडे माफी बहुतेक वेळा अशीच मागतात. एन्सियोने काम वाटून दिलं. सगळं उपटायची गरज पडली नाही. टेबलाला आणि ओट्याला वरून पाचरीसारखी फळी बसवली, झोपायची जागा कापून पुन्हा केली, फडताळाला कडी. कुणाला काही विचारायचं असेल तर तो आता आधी विचारायचा, "सरळ सांग, जमिनीवर का पाण्यात?" तीन शनिवारांत झालं. इर्या सामन माशाचं सूप करून पाठवायची. शेवटच्या शनिवारी एक जण उत्साहात बाकाकडे वळला, तेव्हा एन्सियो करवत आणि बाक यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला.

जूनच्या मध्याला मी तपासणी केली. नळकांडं, जॅकेटं, नळी, दाराच्या कड्या. शेरा लिहायच्या रकान्यात मी लिहिलं: बाक पुढे कललेला आहे, तसाच ठेवावा. काचेवर कागद चिकटवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला.

युहानुसच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या आमच्या सगळ्यांत मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी ती दोघं निघाली. सामान थोडंच होतं, मासे भरून भाजलेली भाकरी, कॉफी, आणि न्हाणीघरात वाफेत अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्या तिथेच तोडायच्या म्हणून नुसती सुरी. इर्या बाकावर बसली, काठी गुडघ्यांत. एन्सियोने इंजिन सुरू केलं. मी दोर सोडला. क्लबच्या धक्क्यावरून बसणं झालं, पण बेटावरचा धक्का जुना, वाकडा, आणि तिथे दोर धरायलाही कुणी नव्हतं. तिथे उतरता आलं नाही तर ती दोघं पाण्यावर एकटीच असणार होती. मी घरी आलो आणि फोन टेबलावर समोर ठेवून बसलो. दीड तासाची वाट. दोन तास झाले. दोन तास वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मी उतरले," इर्या म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता. "माझी मी. धक्क्यावर उभी आहे."

 एन्सियो कुठे आहे, मी विचारलं.

"बोटीतच आहे अजून. बाकावर बसलाय."

"का? काय झालं?"

"रडतोय," ती म्हणाली. "रडू दे. कॉफी मी ठेवते."